साथीचा तबला शिकायचाय? पुस्तक, ॲप, क्लास निवडताना एवढं पाहा

‘तबला शिकायचाय, कोणतं पुस्तक घेऊ?’ चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. कधी तो वेगळ्या रूपात येतो. कुणी प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिलेल्या असतात, पण भजनाला बसलं की हात गोंधळतो. कुणाच्या फोनमध्ये पाच ॲप असतात आणि एकही ताल अंगात मुरलेला नसतो. कुणाला नाटकात वाजवायचं असतं आणि ऑनलाइन क्लासवाला सहा महिने कायदेच (स्वतंत्र वादनातल्या ठरावीक बोलरचना) शिकवत राहतो. मुलाला किंवा मुलीला क्लास लावावा की यूट्यूब पुरेल, हा पालकांचा प्रश्न तर ठरलेलाच.

या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तबला दोन कामांसाठी शिकला जातो. एक, एकट्याने वाजवण्यासाठी, म्हणजे स्वतंत्र वादनासाठी. दुसरं, गाणाऱ्याच्या साथीसाठी. बाजारातलं बहुतेक साहित्य पहिल्या कामासाठी लिहिलेलं असतं आणि आपल्या भागात गरज मात्र दुसऱ्याची असते. गावोगावची भजनी मंडळं, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, दिवाळीनंतर धान घरी आलं की सुरू होणाऱ्या मंडया (गावजत्रा), वडसा इथल्या झाडीपट्टी नाटक कंपन्यांची रात्र-रात्र चालणारी नाटकं, शाळेची स्नेहसंमेलनं. या सगळ्यांना साथीदार हवा असतो. तुम्हाला तिथेच वाजवायचं असेल, तर साहित्यही त्याच हिशेबाने निवडा.

आधी ठरवा: कुणाच्या बाजूला बसायचंय?

दुकानात जाण्याआधी किंवा पैसे भरण्याआधी हे ठरलेलं हवं.

- भजन आणि प्रार्थना: भजनी ठेका, केरवा, दादरा, धुमाळी. एवढ्यावर वर्षभर काम निभतं. अवघड असतं ते लय धरून ठेवणं. भजन चढत जातं, गाणारे जोशात येतात, आणि लय किती चढू द्यायची हे तबल्याच्याच हातात असतं.
- झाडीपट्टीचं नाटक: नाट्यपद, लावणी आणि सिनेमाच्या धर्तीची चाल एकाच रात्री येते. पेटी-ऑर्गनवाल्याच्या इशाऱ्यावर थांबायचं, संवाद संपताच उचलायचं, नाचाला ठेका बदलायचा. तबल्याबरोबर ढोलकीचा हात हवा, हल्ली ऑक्टोपॅडचीही ओळख लागते.
- भावगीत, शाळेची गाणी: केरवा, दादरा, रूपक आणि त्यांचे थोडे वेगवेगळे प्रकार.
- ख्यालगायन: विलंबित एकताल, त्रिताल, झपताल. यासाठी गुरूशिवाय इलाज नाही. हे ध्येय असेल तर या लेखातला गुरूविषयीचा भाग आधी वाचा.

पहिल्या तिन्हींपैकी काहीही असो, सुरुवातीचे ताल तेच: केरवा (८ मात्रा), दादरा (६ मात्रा), भजनी ठेका (८ मात्रा), रूपक (७ मात्रा). त्रिताल शिकाच, तो हाताला वळण लावतो. पण ज्या साहित्यात पहिले सहा महिने फक्त त्रिताल आणि त्यातले कायदे आहेत, ते तुमच्या उपयोगाचं नाही.

साथ शिकवणारं साहित्य कसं ओळखायचं?

पुस्तक असो, व्हिडिओ असो की क्लास, चार प्रश्न विचारा.

१. यात कुणी गातंय का? म्हणजे ठेक्यावर प्रत्यक्ष गाणं आहे, की नुसते बोल?
२. एकच ठेका संथ, मध्यम आणि जलद अशा तीन लयींत दिलाय का? केरवा संथ लयीत वाजवायचा हात वेगळा आणि जलद लयीतला वेगळा.
३. गाणं कुठे उचलायचं आणि कुठे सोडायचं हे सांगितलंय का? बहुतेक गाणी समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) सुरू होत नाहीत. नवख्याची पहिली फजिती इथेच होते.
४. कधी काही वाजवायचं नाही, हे सांगितलंय का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ज्या शिक्षकाकडे आहे तो साथीचा शिक्षक. गाणारा ताना घेत असताना साधा ठेका धरून बसणं, शब्द चालू असताना मध्ये तुकडा न घुसवणं, अंतरा संपल्यावर मोकळ्या जागेत छोटीशी लग्गी वाजवून पुन्हा ठेक्यावर येणं, ही साथीची खरी विद्या आहे. ती छापील बोलांत सापडत नाही.

ही अडचण फक्त आपली नाही. १९३४ साली पॅरिसमध्ये जँगो राइनहार्ट या रोमा गिटारवादकाने व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली यांच्यासह एक वाद्यवृंद उभा केला. त्यात ढोल-ताशा काहीच नव्हतं. जँगोच्या मागे बसलेले दोन गिटारवाले आणि एक बास एवढ्यांनी नुसत्या तारांवर ठेका धरायचा. त्या धाटणीचं गिटार शिकणाऱ्या तरुणांचीही आज हीच तक्रार असते की पुस्तकं जँगोच्या एकल वादनाने भरलेली आहेत आणि मागचा ठेका दोन पानांत उरकलेला असतो. रोमा घराघरांत मात्र मुलाला आधी वर्षानुवर्षं मोठ्यांच्या मागे ठेकाच धरायला बसवतात. आपल्या भजनी मंडळातही नवख्याच्या हाती आधी टाळ येतो, तो याच कारणाने.

पुस्तक घेताना

पुस्तकाने हात तयार होत नाही. ‘धा’ कसा वाजतो, तो चाटेवर किती जोराने आणि डग्ग्यावर मनगट किती दाबून, हे कागदावर कळत नाही. पुस्तकाचा उपयोग तालांची मांडणी, मात्रा, टाळी-खाली (हाताने टाळी द्यायच्या आणि हात मोकळा सोडायच्या मात्रा) आणि परीक्षेची तयारी एवढ्यापुरता धरा. त्यासाठी एक पातळसं, अभ्यासक्रमानुसार लिहिलेलं मराठी पुस्तक पुरतं.

मराठीत तबल्यावरची दोन नावं तुम्हाला सगळे सांगतील: अरविंद मुळगांवकरांचं ‘तबला’ आणि सुधीर माईणकरांचं ‘तबलावादन : कला आणि शास्त्र’. दोन्ही मोलाची आहेत. पण ती अभ्यासकाची पुस्तकं आहेत, पहिल्या वर्षाची नव्हेत. घराणी, बाज, रचनांचं सौंदर्य समजून घ्यायची वेळ आली की ती घ्या. आत्ताच घेतलीत तर कपाटात राहतील.

विकत घेण्याआधी पुस्तक हातात घेऊन पाहा:

- मात्रा एकाखाली एक सरळ ओळीत छापल्या आहेत का? स्वस्त पुस्तकांत छपाई सरकलेली असते आणि विभाग चुकतात.
- केरवा आणि दादरा यांचे किमान चार-पाच प्रकार दिले आहेत का?
- तालाची चिन्हं कोणत्या पद्धतीची आहेत, हे पहिल्या पानांत लिहिलंय का?

दुकानात असं पुस्तक नसेल तर जिल्हा ग्रंथालयात किंवा तालुक्याच्या वाचनालयात विचारा. नसल्यास खरेदीसाठी लेखी मागणी द्या. वाचक मागत नाहीत म्हणून संगीताची पुस्तकं घेतली जात नाहीत, हे बऱ्याच वाचनालयांचं वास्तव आहे.

दोन लेखनपद्धतींचा घोळ

इथे थोडं थांबून नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी स्वतः शिकणारे सर्वांत जास्त फसतात.

हिंदुस्थानी संगीत लिहिण्याच्या दोन पद्धती चालतात: पं. विष्णु नारायण भातखंडे यांची आणि पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांची. पुस्तक एका पद्धतीचं आणि व्हिडिओ दुसऱ्या पद्धतीचा असला की गोंधळ ठरलेला.

- भातखंडे पद्धतीत सम × या चिन्हाने दाखवतात आणि खाली ० ने. पुढच्या टाळ्यांना २, ३ असे क्रमांक.
- पलुस्कर पद्धतीत सम १ या आकड्याने दाखवतात आणि खाली + ने. पुढच्या टाळीखाली ती ज्या मात्रेवर येते त्या मात्रेचा आकडा असतो.

म्हणजे त्रितालात पाचव्या मात्रेवरची टाळी एका पुस्तकात २ अशी दिसेल आणि दुसऱ्यात ५ अशी. दोन्ही बरोबर. शिवाय एका पद्धतीतली फुली समेची, तर दुसरीतलं तिच्यासारखंच दिसणारं अधिक-चिन्ह खालीचं. घाईने वाचणारा समेच्या जागी खाली धरून बसतो.

पेटीवाल्यांची पंचाईत याहून मोठी. स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर भातखंडे पद्धतीत तो तार सप्तकातला स्वर, पलुस्कर पद्धतीत तोच मंद्र सप्तकातला. पलुस्करांकडे तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ असते आणि भातखंडे पद्धतीत ती उभी रेघ तीव्र मध्यमाची खूण असते. घरात भाऊ-बहीण पेटी आणि तबला एकत्र शिकत असतील, तर दोघांची पुस्तकं एकाच पद्धतीची घ्या.

उपाय सोपा आहे. तुमचे शिक्षक किंवा तुमचं परीक्षा केंद्र जी पद्धत वापरतं तीच धरा आणि पहिलं वर्ष दुसरी पाहूही नका.

यूट्यूब: काय घ्यावं, काय सोडावं

फुकट आहे, मराठी-हिंदीत भरपूर आहे आणि शिकवणाऱ्याचा हात दिसतो, जो पुस्तकात दिसत नाही. त्यामुळे यूट्यूब टाकाऊ नाही. पण निवड करताना:

- एकच शिक्षक धरा. बोल तोच, पण बोट वेगळं, असं घराण्याघराण्यांत चालतं. दिल्लीचा हात आणि पूरबचा हात मिसळलात तर दोन्ही बिघडतात.
- कॅमेरा वरून दोन्ही हातांवर असलेलाच व्हिडिओ निवडा. समोरून चेहरा दाखवणाऱ्या व्हिडिओत डग्ग्याचं मनगट दिसत नाही.
- ‘सात दिवसांत तबला’ असं लिहिलेलं काहीही उघडू नका.
- ज्यात शिक्षक आधी तोंडाने बोल म्हणतो, हाताने टाळी-खाली दाखवतो आणि मग वाजवतो, ते साहित्य चांगलं. पढंत न येता वाजवणारा माणूस गाण्याबरोबर भटकतो.

भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडच्या वाचकांसाठी एक सूचना. रेंजच्या भरवशावर रियाझ ठेवू नका. तालुक्याच्या गावी गेलात की चार-पाच निवडक व्हिडिओ यूट्यूबच्याच ‘डाउनलोड’ सोयीने फोनमध्ये उतरवून घ्या आणि महिनाभर तेवढ्यावरच काम करा. वेग ०.७५ किंवा ०.५ करून पाहण्याची सोय त्यातच असते. कमी साहित्य असण्याचा इथे तोटा नाही, फायदाच होतो.

ॲप आणि तालाची पेटी

तानपुऱ्याचं ॲप फुकट मिळतं, ते घ्याच. तबला, लेहरा आणि तानपुरा एकत्र देणारी सशुल्क ॲपही आहेत. बंगळूरच्या रॅडेल कंपनीची ‘तालमाला’ ही इलेक्ट्रॉनिक तबल्याची पेटी अनेक क्लासमध्ये दिसते.

तबला शिकणाऱ्याने तबल्याचं ॲप कशाला घ्यायचं? लेहऱ्यासाठी. लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनात बसवलेली, पुन्हा पुन्हा येणारी सुरावट. तिच्याबरोबर ठेका धरला की सम कानाने सापडू लागते, मात्रा मोजाव्या लागत नाहीत. ॲपमध्ये केरवा, दादरा आणि रूपकाचा लेहरा आहे का, लय एकेका अंकाने कमी-जास्त होते का, आणि पट्टी बदलता येते का, या तीन गोष्टी पाहूनच पैसे द्या.

पट्टीचं महत्त्व नवख्याला कळत नाही. पुरुष गायक साधारण पांढरी एक ते काळी दोन या पट्टीत गातात, स्त्रिया बहुधा काळी चार-पाचमध्ये. पुरुषांच्या पट्टीत लावलेला एकच तबला महिला भजनी मंडळासाठी गट्टे ठोकून ओढत नेलात तर पुडी जाते. ज्यांच्या साथीला बसणार त्यांची पट्टी आधी विचारा, मग तबल्याचं तोंड किती इंची हवं ते दुकानदाराशी ठरवा आणि रियाझाचं ॲपही त्याच पट्टीत लावा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत पुडी उतरते, त्यामुळे रोज वाजवण्याआधी सूर जुळवायची सवय ठेवा. ॲपमधला तानपुरा त्यासाठीही कामी येतो.

यंत्राचा धोकाही लक्षात असू द्या. यंत्र कुणासाठी थांबत नाही. गाणारा माणूस मात्र श्वास घेतो, एखाद्या शब्दावर रेंगाळतो, जोशात पुढे जातो. सतत यंत्राबरोबर वाजवणाऱ्याची लय पक्की होते, पण तो गाणाऱ्याकडे पाहायचं विसरतो. म्हणून आठवड्यातले दोन दिवस तरी यंत्र बंद ठेवून माणसाबरोबर वाजवा. घरात आई, आजी जे काही म्हणत असेल त्याच्याबरोबर वाजवलं तरी चालेल.

सर्वांत उपयोगी साहित्य: ऐकणं

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. साथ ऐकून शिकली जाते, आणि ऐकण्याचं साहित्य जवळजवळ फुकट आहे.

उस्ताद अहमदजान थिरकवा स्वतंत्र तबलावादनातलं केवढं मोठं नाव. पण त्यांनी बरीच वर्षं बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत नाट्यपदांना साथ केली. ती पदं आजही ऐकायला मिळतात. आवाज जुना, खरखरीत, तरी तबला कसा मागे राहतो आणि मोकळी जागा मिळाली की कसा क्षणभर चमकून परत येतो, हे कान देऊन ऐका. नाटकात वाजवू इच्छिणाऱ्या प्रत्येकासाठी ही शाळा आहे. पुढच्या काळातलं हवं असेल तर कुमार गंधर्वांच्या मैफलींतली वसंतराव आचरेकरांची साथ ऐका. द्रुत बंदिशीत इतका नेमका, आटोपशीर ठेका क्वचित सापडेल.

भजनासाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची परंपरा आपल्या दारात आहे. त्यांच्या खंजिरी भजनांतून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. एका लहानशा चामड्याच्या वाद्यावर लय उभी राहते, शब्द स्पष्ट ऐकू येतात आणि सभा हलते. तबला घ्यायला पैसे नसतील तर खंजिरीने सुरुवात करा. थोड्या पैशांत मिळते, आणि एका हाताने लय सांभाळता आली की दोन हातांनी सांभाळणं सोपं जातं.

ऐकायचं कसं, तेही सांगतो:

- एक गाणं निवडा आणि आठवडाभर तेच ऐका.
- पहिले दोन दिवस वाजवू नका. हाताने टाळी-खाली द्या, सम सापडू द्या.
- मग तोंडाने ठेका म्हणा, गाणं चालू असताना.
- त्यानंतर तबल्यावर बसा आणि संपूर्ण गाणं फक्त साध्या ठेक्याने काढा. एकही तुकडा नाही.
- शेवटी मूळ तबलजीने कुठे काय घेतलं ते शोधा आणि त्यातली एकच जागा उचला.

झाडीपट्टीच्या नाटकाची, दंडार या लोकनाट्याची साथ शिकवणारं छापील किंवा ऑनलाइन साहित्य शोधण्यात वेळ घालवू नका. तिथला हात तिथेच बसून शिकावा लागतो. हंगामात गावात नाटक आलं तर प्रेक्षकांच्या मध्यभागी बसण्याऐवजी वाजवणाऱ्यांच्या बाजूला बसा. प्रवेश बदलताना तबलजी पेटीवाल्याकडे कधी पाहतो, नटीच्या पहिल्या पावलाला ठेका कसा उचलतो, हे रात्रभर पाहा. परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा. २०२३ साली कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीची नोंद सगळ्या देशाने घेतली. तिच्या साथसंगतीचं शिक्षण मात्र अजून कागदावर आलेलं नाही.

परीक्षा द्यावी का?

द्यावी, पण तिला साथीचं शिक्षण समजू नये. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे सर्वाधिक दिल्या जातात: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, विशारद प्रथम व पूर्ण, पुढे अलंकार. परीक्षेमुळे शिस्त लागते, भाषा कळते, शास्त्राची ओळख होते. दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय कलांच्या ठरावीक परीक्षांसाठी वाढीव गुणही मिळतात. कोणत्या परीक्षेला किती आणि प्रस्ताव कधीपर्यंत द्यायचा, हे शाळेच्या कार्यालयातून वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी समजून घ्या. मार्चमध्ये धावाधाव करून उपयोग होत नाही.

परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. नाटकात किंवा मंडईत वाजवणाऱ्यांनी उन्हाळ्याचं सत्र धरावं, हिवाळ्यातलं सत्र नेमकं हंगामात येतं.

गुरू नसेल तर, आणि असेल तर

हाताची ठेवण पहिल्या तीन महिन्यांत कुणीतरी समोर बसून दुरुस्त केलीच पाहिजे. एकदा चुकीचं बोट बसलं की ते सुटायला वर्ष जातं. गावात शिक्षक नसेल तर महिन्यातून दोनदा चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली अशा जवळच्या गावी जा, दोन तास शिका, शिक्षकांच्या परवानगीने धडा ध्वनिमुद्रित करून आणा आणि घरी त्यावर काम करा. रोजच्या ऑनलाइन क्लासपेक्षा हे स्वस्त पडतं आणि जास्त लागू पडतं.

शिक्षक निवडताना त्यांना एखाद्या कार्यक्रमात साथ करताना पाहा. ते स्वतः गाणाऱ्याला सांभाळून घेत असतील तर तुम्हालाही तेच शिकवतील. मुलीला तबला शिकवायला कुणी कचरत असेल तर त्याचं ऐकू नका. डॉ. आबान मिस्त्री, अनुराधा पाल यांनी तबल्यावर नाव कमावलं, ते याच महाराष्ट्रात.

पैसे भरण्याआधी आणि नंतर: तुमचे हक्क

- वर्षाची फी एकदम भरू नका. महिन्याची किंवा तिमाही मागा आणि प्रत्येक वेळी पावती घ्या. एक धडा आधी पाहू द्या, असं स्पष्ट सांगा.
- ऑनलाइन क्लासच्या फी-परतीच्या अटी भरण्याआधी वाचा आणि त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा. जाहिरातीत कबूल केलेले धडे मिळाले नाहीत तर ती सेवेतली त्रुटी ठरते.
- दरमहा आपोआप पैसे कापले जाणारं ॲप असेल तर बँकेने कपातीच्या किमान २४ तास आधी कळवायला हवं. यूपीआय ॲपच्या ‘ऑटोपे’मध्ये जाऊन ती परवानगी तुम्ही कधीही रद्द करू शकता.
- तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे निपटारा झाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनी मुंबईची असो की दिल्लीची. ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही.
- स्वतःच्या शिकण्यासाठी एखादं गाणं ऐकून उतरवून घेणं, त्याचा ठेका लिहून ठेवणं, यात गैर काही नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या कार्यक्रमात गाणं म्हणायलाही कॉपीराइट कायदा आडवा येत नाही. मात्र दुसऱ्याच्या क्लासचे व्हिडिओ किंवा संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲप गटावर वाटणं बेकायदा आहे.
- यूट्यूबवर स्वतःचं वादन टाकणार असाल तर हे लक्षात ठेवा. भारतात गीत आणि चालीचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. तुकडोजी महाराजांचं निधन १९६८ चं, म्हणजे कायद्याच्या हिशेबाने त्यांच्या रचनांची मुदत २०२८ अखेर संपते.

पहिल्या वर्षाची खरेदी, एवढीच

चांगल्या पुडीची तबला-डग्ग्याची जोडी, एक हातोडी, एक पातळ पुस्तक, तानपुऱ्याचं फुकट ॲप, आणि जमलं तर लेहऱ्याचं एक सशुल्क ॲप. उरलेले पैसे शिक्षकांच्या फीसाठी आणि एसटीच्या तिकिटासाठी ठेवा. दुसरं पुस्तक, दुसरं ॲप, दुसरा ऑनलाइन क्लास यांतलं काहीही पहिल्या चार तालांत दहा गाणी न अडखळता वाजवता येईपर्यंत घेऊ नका.

जाता जाता एक विनंती आहे, ती शिकणाऱ्यांना नाही. गावोगावच्या ज्येष्ठ तबलजींनो, पेटी मास्तरांनो, तुमच्याजवळ जो हात आहे तो कोणत्याही पुस्तकात नाही. एखादं पोर फोन घेऊन समोर बसलं तर त्याला हाकलू नका. भजनी ठेका, केरवा, दादरा आणि नाटकातल्या लावणीचा ठेका, प्रत्येक ठेका आधी संथ आणि मग चालत्या लयीत, दोन-दोन मिनिटं त्याला ध्वनिमुद्रित करू द्या, आणि त्यावर कुणाला तरी एक कडवं गायला बसवा.